पत्र्याच्या दोन होड्या

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात 10 एकरांहून मोठी अशी जवळपास 12 हजार तळी आहेत. त्यांच्या आसपासच्या वस्त्यांतून फिरताना घरांच्या अंगणात, ट्रेलरवर, ताडपत्रीखाली एक वस्तू हमखास दिसते. ती म्हणजे मागे छोटे आउटबोर्ड इंजिन लावलेली ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी. 14 फुटांची अशी होडी घ्यायला निघालेल्या माणसापुढे बहुधा दोन प्रकार असतात. एक निमुळत्या नाळेची, व्ही आकाराच्या तळाची. दुसरी चौकोनी तोंडाची, सपाट तळाची, जिला तिकडे जॉन बोट म्हणतात. लांबी सारखी, धातू तोच, मागे लागणारे इंजिनही पुष्कळदा एकाच जातीचे. जॉन बोट सहसा स्वस्त पडते, एवढाच फरक वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येतो.

गिऱ्हाईक किंमत विचारते, इंजिनाची ताकद विचारते, बैठका किती ते मोजते. होडीचे खरे म्हणणे मात्र तिच्या तळात असते. ती कोणत्या पाण्यासाठी घडली, कोणत्या वाऱ्यात साथ देईल आणि कुठे हात टेकेल, हे पत्र्याच्या वळणांवरून कळते. म्हणून दोन्ही होड्या जरा सावकाशीने, खालून वर अशा पाहिल्या पाहिजेत.

व्ही तळाच्या होडीचे मिनेसोटातले मोठे घराणे म्हणजे लुंड. हॉवर्ड लुंड यांनी 1948 मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या लहानशा गावात ही कंपनी काढली. त्याआधी, 1946 मध्ये, अल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर ही नावेही याच राज्यात पुढे आली होती. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. विमानांसाठी पत्रा वाकवण्याचे आणि रिव्हेट मारण्याचे कसब कारागिरांच्या हातात बसले होते आणि ॲल्युमिनियम सामान्य कारखानदाराला मिळू लागले होते. लाकडी होडीला दर वर्षी भेगा बुजवून रंग द्यावा लागे. पत्र्याच्या होडीने ते काम संपवले आणि दोघांना उचलता येईल इतके वजनही उतरवले.

या होडीच्या नाळेपासून सुरुवात करू. दोन्ही बाजूंचे पत्रे पुढे येऊन एका उभ्या कडेत मिळतात. पाण्यालगत ही कड धारदार असते. वर जाताना मात्र पत्रे बाहेरच्या अंगाला झुकत जातात. खालची धार लाट कापते आणि वरचा झुकाव कापलेले पाणी आत येऊ न देता बाजूला फेकतो. आता तळावरून हात फिरवत मागे या. व्हीचा कोन हळूहळू पसरट होत जातो आणि ट्रान्समपाशी, म्हणजे इंजिन जिच्यावर टांगतात त्या मागच्या उभ्या फळीपाशी, तळ जवळजवळ सपाट होतो. या होडीतले सगळ्यात देखणे स्थळ हेच. सबंध लांबीभर खोल व्ही ठेवला असता तर लाटा मऊ कापल्या गेल्या असत्या, पण छोट्या इंजिनाला होडी पाण्याच्या पृष्ठावर उचलून धावती करणे जड गेले असते. सगळा तळ सपाट ठेवला असता तर ती चटकन उचलली गेली असती, पण लाटेलाटेवर आपटली असती. इथे पुढच्या अर्ध्या अंगाने लाटांचा विचार केला आहे, मागच्या अर्ध्याने इंजिनाचा. आणि एकातून दुसरे इतक्या हळुवारपणे निघते की सांधा कुठे ते बोटाला सापडत नाही.

ही रचना का लागली, ते मिल लॅक्स या तळ्यावर समजते. त्याचे क्षेत्रफळ 200 चौरस मैलांहून थोडे अधिक आणि सर्वांत खोल जागा अवघी 42 फुटांच्या आसपास. एवढ्या विस्ताराच्या उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागून एक अशा येतात. सकाळी शांत असलेले पाणी दुपारी परतताना वेगळेच असते. अशा पाण्यात होडीची बाजू उंच हवी आणि नाळ धारदार हवी. या तळ्यात लोक मुख्यतः वॉलाय मासा धरतात. तो 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्यासाठी कित्येक जण होडी उलटी, मागच्या अंगाने, अगदी सावकाश चालवतात. त्याला बॅकट्रोलिंग म्हणतात. एक हात इंजिनाच्या दांड्यावर, दुसऱ्या हातात गळाची काठी. दांड्याला जरासा झोल दिला की होडी पाण्याखालच्या चढाच्या कडेकडेने सरकते आणि गळ त्याच खोलीवर राहतो. लाटा मागच्या फळीवर थडकत असतात, म्हणून हौशी माणसे तिथे पाणी अडवणारे पडदे बसवतात.

आता दुसरी होडी. जॉन बोटीचे मूळ मिनेसोटापासून बरेच दक्षिणेला, मिसुरी आणि आर्कान्सा राज्यांतल्या ओझार्क डोंगरांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स आणि व्हाइट या नद्यांवर प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मासे धरण्याच्या सहली निघत. त्यासाठी फळ्यांच्या लांबट, अरुंद, सपाट तळाच्या होड्या तिथले सुतार बांधत. नदी उथळ, तळाशी गोटे, मधूनच वाळूचे बेट. अशा ठिकाणी खोल जाणारा तळ म्हणजे अडथळाच. पुढे धरणे झाली, तशा त्या सहली ओसरल्या, पण होडीचा आकार टिकला आणि लाकडाचा पत्रा झाला.

जॉन बोटीच्या नावापुढे बहुतेक वेळा चार आकडे असतात. 1436 म्हणजे लांबी 14 फूट आणि तळाची रुंदी 36 इंच. तळाची रुंदी नावातच सांगणारी ही होडी आपला गुण लपवत नाही. तिचे तोंड चौकोनी असते, पण तळ पुढे वर उचललेला असतो, त्यामुळे ती पाणी कापत नाही, त्याच्यावर चढते. सपाट तळ सगळे वजन सारखे वाटून घेतो, म्हणून मोजक्या इंचांच्या पाण्यातही ती तरंगते. तिच्यात उभे राहून गळ फेकावा, एका काठाकडे झुकावे, ती फारशी कलत नाही. व्ही होडीत तीच हालचाल केली तर ती आधी थोडी कलते आणि मग सावरते. जॉन बोटीच्या बाजू बुटक्या असल्याने वारा तिला फार धरत नाही. आग्नेय मिनेसोटात मिसिसिपी नदीचे अनेक फाटे आणि बेटांमागचे संथ पाणी आहे. तिथे बुडालेल्या खोडांमधून, पाणवनस्पतींतून ही होडी जाते तेव्हा तिचा प्रत्येक गुण कामाला येतो. भर तळ्यात मात्र हेच गुण उलटतात. बाजूने लाट आली की सपाट तळ पाण्याच्या उताराबरोबर झुकतो, समोरून आली की थाडकन आपटतो, आणि बुटक्या काठावरून पाणी आत येते.

दोन्हींचा कस मागच्या फळीवर लागतो. जुनी होडी घेताना इंजिन थोडे वर उचलून खाली सोडावे आणि फळी हलते का ते पाहावे. पत्र्याआड प्लायवूड असते आणि ते आतून कुजले असेल तर फळी दबते. नवे लाकूड बसवताना तांब्याचे क्षार मुरवलेले लाकूड वापरू नये, कारण ओलसरपणात त्यामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेटांची परीक्षा आणखी सोपी. होडी ट्रेलरवर असतानाच आत दोन-तीन इंच पाणी ओतावे आणि खाली बसून रांगा पाहाव्यात. ढिल्या रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी ओली कड दिसते, मग थेंब धरतो. वेल्डिंगच्या होडीत ही गळती नसते, पण वेल्डिंगच्या आचेने शेजारच्या पत्र्याचा कडकपणा उतरतो आणि वर्षानुवर्षांच्या आपटण्याने तिथे चीर जाऊ शकते. म्हणून तिथे सांध्याच्या कडा निरखाव्यात.

तळाचा हा फरक अमेरिकेच्या कायद्यानेही मानला आहे. 20 फुटांखालच्या इंजिनाच्या होडीवर किती माणसे, किती वजन आणि किती हॉर्सपॉवर, हे सांगणारी पट्टी लावावी लागते. छोट्या होडीची हॉर्सपॉवर काढताना लांबी आणि ट्रान्समची रुंदी फुटांत घेऊन गुणतात. 14 गुणिले साडेतीन म्हणजे 49, आणि 49 ला 15 हॉर्सपॉवर मिळते. तळ सपाट आणि कडा काटकोनी असतील तर एक पायरी खाली, म्हणजे 10. इतक्याच मापाची, पण सपाट तळाची होडी वेगात वळवताना कमी भरवशाची, हे त्या नियमाच्या मुळाशी आहे. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा मोठे इंजिन कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये.

मिनिआपोलिसच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी पहिली होडी घेण्याच्या विचारात असेल, तर ती ज्या पाण्यावर जाणार आहे ते आधी वाऱ्याच्या दिवशी पाहून यावे. मुलांना बरोबर नेणार असाल तर लाइफ जॅकेट होडीच्या आधी घ्यावीत. मोठ्या तळ्यावर जाणाऱ्याने व्ही तळाची होडी घ्यावी. नदीच्या फाट्यांत, उथळ पाण्यात रमणाऱ्याने निःसंकोच जॉन बोट घ्यावी, तिथे तिच्यासारखी दुसरी नाही. आणि दोन्हीकडे जाणार असाल, पण होडी एकच घ्यायची असेल, तर व्ही तळाचीच घ्यावी. उथळ पाण्यात ती अडली तर उतरून ढकलता येते. भर तळ्यात जॉन बोट भरू लागली तर उतरायला जागा नसते.