बहिणाबाईंची कृतज्ञता

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेविषयीं बोलतांना रसिकांच्या तोंडीं पहिल्यानें येतो तो चमत्काराचा शब्द. अक्षरओळखहि नसलेल्या शेतकरी बाईनें अशीं गाणीं रचावीं हें नवल खरेंच. पण नवलापाशींच थांबणारा वाचक उंबरठ्यावरून परत जातो, असें आम्हांस वाटतें. चमत्कार म्हटला कीं कष्टांचा हिशेब संपतो. आणि ही कविता तर कष्टांतूनच उगवलेली आहे.

१८८० मध्यें जळगांवजवळच्या असोदे येथें त्यांचा जन्म झाला. १३ व्या वर्षीं त्या जळगांवच्या चौधरी घराण्यांत सून म्हणून आल्या. ३० व्या वर्षीं वैधव्य आलें. जातें, चूल, मोट, पेरणी, मळणी हीच त्यांची पाठशाळा. आम्हां पांढरपेशांना निसर्ग सहलीस गेल्यावर भेटतो. बहिणाबाईंना तो कामावरचा सोबती म्हणून भेटतो. वारा पडला तर खळ्यांतलें धान्य भुशापासून सुटत नाहीं. म्हणून त्या वाऱ्याला मारुतीचें नातें सांगून हाक मारतात. या हाकेंत नुसता अलंकार शोधणाऱ्यानें उफणणीच्या वेळीं एकदां खळ्यावर उभें राहून पाहावें. सुगरणीच्या खोप्याकडे त्या पाहतात तेंहि पिलांसाठीं घर विणणाऱ्या दुसऱ्या एका गृहिणीकडे पाहावें तसें.

कृतज्ञता म्हणजे सोशिकपणा, असा अर्थ करण्याची आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, फार जुनी खोड आहे. बहिणाबाई या अर्थाला भीक घालीत नाहींत. माणसावरील एका कवितेंत त्या त्याला गोठ्यांतल्या जनावराशेजारीं उभें करतात: गाय चारा खाऊन दूध देते, कुत्रा इमानासाठीं शेपूट हालवतो, माणूस मात्र पोट भरलें कीं शुद्ध विसरतो. येथें कृतज्ञता हा गोड भाव नसून न्यायनिवाड्याचें माप आहे. हात पाहावयास आलेल्या ज्योतिषालाहि त्या दारांतूनच परतवितात. आपलें दैव आपल्याला कळतें, मध्यस्थ नको. धरित्रीपुढें लवणारी ही बाई दैवाच्या दलालापुढें मान वांकवीत नाहीं.

एक उणीवहि सांगितली पाहिजे. कशाला काय म्हणूं नये, याची जंत्री देणाऱ्या रचनेंत तालाची ओढ विचाराच्या पुढें धांवते, आणि कांहीं कडवीं केवळ सुभाषितें होऊन राहतात. तथापि कानानें रचलेल्या आणि हात कामांत असतां गाइलेल्या गाण्याला हा दोष स्वाभाविकच आहे.

आतां जें आम्हांस खरोखर बोचतें त्याविषयीं. हीं गाणीं त्यांचे पुत्र, कवि सोपानदेव, व एक आप्त यांनीं लिहून ठेविलीं म्हणून उरलीं; पुष्कळ हवेंत विरलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ मध्यें त्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ निघाला. आपलें पुस्तक कवयित्रीनें पाहिलें नाहीं. वही इतकीं वर्षें घरांतच कां राहिली, असा प्रश्न मनांत येतो. पण त्याचा रोख एका मुलाकडे वळविणें अन्यायाचें होईल. त्यानें निदान लिहून तरी घेतलें. जात्यावरच्या ओव्या तर आपणां बहुतेकांच्या घरीं झाल्या. त्यांतील किती आम्हीं टिपून ठेविल्या? आई गात होती आणि आम्ही शाळेच्या पुस्तकांतील कविता पाठ करीत होतों.

बहिणाबाईंनीं शेताचें ऋण गाण्यानें फेडलें, मुलानें आईचें लेखणीनें. राहतां राहिलें वाचकाचें ऋण. तें कौतुकाच्या भाषणांनीं फिटणारें नव्हे. घरांत अजून एखादी वृद्धा जुनें गाणें गुणगुणत असेल, तर हातांतील मासिक क्षणभर बाजूला ठेवून तें ऐकावें आणि तिच्याच बोलींत, एक अक्षरहि न सुधारतां, उतरून घ्यावें.