तिथीची कसोटी : फ्रान्समधील नभोवाणी व वृत्तपत्रें (१९४४-४५)

परचक्र टळल्यावर नव्या शासनापुढें दोन कामें उभीं राहतात : लोकांच्या कानीं शब्द पोंचविणें, व तो कोणाच्या मुखें पोंचवावा हें ठरविणें. पॅरिस येथें पहिलें काम त्वरेनें झालें. ऑगस्ट १९४४ मध्यें जर्मनांच्या तंत्रानें चालणारें 'रेडिओ-पॅरिस' मुकें झालें, आणि २४ तारखेच्या रात्रीं देशभक्तांच्या हातीं आलेल्या नभोवाणीनें शहरांतील चर्चच्या घंटा वाजविण्याचें आवाहन केलें. 'काँबा'सारखीं गुप्त पत्रें त्यापूर्वींच रस्त्यांवर उघड विकलीं जाऊं लागलीं होतीं.

दुसऱ्या कामासाठीं हंगामी सरकारनें तिथीची कसोटी लाविली. उत्तर विभागांत २५ जून १९४० च्या युद्धतहकुबीनंतर, व दक्षिण विभागांत ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं जर्मन सैन्य शिरल्यानंतर, पंधरा दिवसांहून अधिक काळ जें पत्र निघत राहिलें त्यास बंदी झाली. 'ल फिगारो' वेळींच थांबलें होतें, म्हणून तें पुनः निघालें. 'ल तां' मुदतीपलीकडे अवघे तीन-चार दिवस चाललें आणि कायमचें बुडालें. त्याच्याच इमारतींत, त्याच्याच यंत्रांवर, डिसेंबर १९४४ मध्यें 'ल माँद' जन्मास आलें. उलट 'ला क्र्वा' हें कॅथलिक पत्र १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत निघत असूनही १९४५ सालीं त्यास परवानगी मिळाली.

नभोवाणीस ही कसोटी लावावीच लागली नाहीं. मार्च १९४५ च्या आज्ञेनें खाजगी केंद्रांचे परवाने रद्द होऊन ती सरकारच्या स्वाधीन झाली.

तिथीचा नियम अगदींच त्याज्य होता असें आम्ही म्हणत नाहीं. युद्ध चालू असतां प्रत्येक पत्राचे अंक वाचून निवाडा करण्यास सवड नव्हती, आणि ठरीव तारखेमुळें व्यक्तिगत सूडास थोडा तरी आळा बसला. परंतु 'ला क्र्वा'चा अपवाद मान्य होतांच नियमाचा निःपक्षपातीपणा उणावला. शिवाय तिथि कागद केव्हां निघाला एवढेंच सांगते. त्यांत काय लिहिलें तें सांगत नाहीं. मोडी कागदाची परीक्षा करतांना आपण केवळ मितीवर विसंबत नाहीं. अक्षर, शिक्का व मजकूर हींहि पाहतों. शासनास जी कसोटी पुरली ती इतिहासास पुरणार नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, दंडित पत्रांचे अंक कलंकित म्हणून टाकून देऊं नयेत. परचक्राच्या काळांत कोण काय बोलला व कोण गप्प राहिला, याचा अस्सल पुरावा त्यांतच आहे. 'ल तां' व 'ल माँद' यांच्या फायली तर एकाच फळीवर शेजारीं ठेवाव्या. नांव पालटलें तरी छापखाना तोच होता, हें पुढील अभ्यासकाच्या लक्ष्यांत राहील.