रघुवंशाचा १९ वा सर्ग : तुटलेला कीं संपलेला?

रघुवंश हें काव्य १९ व्या सर्गावर संपतें कीं तेथें तुटतें, हा वाद जुना आहे. विषयासक्त अग्निवर्णाचा क्षयानें झालेला मृत्यु आणि गर्भवती राणीचा राज्याभिषेक येथें कालिदास लेखणी कशी ठेवील, मंगलान्त कोठें आहे, असा प्रश्न करून पुढें आणखी सर्ग असलेच पाहिजेत असें पुष्कळांनीं मानिलें. विसावा सर्ग असलेली पोथी अमक्या शास्त्र्यांच्या घरीं आहे, अशी वार्ताही संग्राहकांच्या कानीं अधूनमधून येते. परीक्षेस उतरलेली पोथी मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. शंकर पांडुरंग पंडित यांची मुंबई संस्कृत ग्रंथमालेंतील आवृत्ति (१८६९–७४) आणि नंदरगीकरांची १८९७ ची आवृत्ति, दोन्ही १९ सर्गांच्याच आहेत. मल्लिनाथाची संजीवनीही तेथेंच थांबते. काव्य तुटलेलें नाहीं असें आमचें मत आहे, व त्याचें कारण मंगल-अमंगलाच्या चर्चेंत नसून राजनीतीच्या एका प्रकरणांत सांपडतें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा अग्निवर्ण इतिहासांतला नव्हे. वाल्मीकीच्या बालकांडांत वसिष्ठ जनकास जी वंशावळ सांगतो तींत सुदर्शन व अग्निवर्ण हे रामाचे पूर्वज आहेत. विष्णुपुराणांत तेच रामाच्या नंतर पुष्कळ पिढ्यांनीं येतात. कालिदासानें पुराणाचा क्रम घेतला. नांव तेवढें पुराणांतलें. तें राज्य व त्याचा नाश ही कवीची रचना होय. म्हणून अमुक शुंग राजा किंवा अमुक गुप्त राजा म्हणजेच अग्निवर्ण, असा शोध लावण्याची जी हौस दिसते तिच्यांत आम्हांस अर्थ वाटत नाहीं. जी गोष्ट कवीनें रचिली तिचा हेतु कवीच्याच ग्रंथांत शोधावा.

पहिल्या सर्गांत रघुकुलाचा जो आचार सांगितला आहे तो असा : बाल्यांत विद्या, यौवनांत विषय, वार्धक्यांत मुनिवृत्ति, शेवटीं योगानें देहत्याग. सुदर्शन तो आचार पाळून नैमिषारण्यांत जातो. त्याच्या मुलानें या चारांपैकीं एक यौवन तेवढें ठेविलें. कांहीं वर्षें राज्य पाहून त्यानें कारभार सचिवांवर टाकिला. प्रजा दर्शनासाठीं तिष्ठत असे. सचिवांनीं फारच आग्रह केला म्हणजे गवाक्षांतून एक पाय बाहेर सोडी, आणि प्रजेनें त्या पायास नमस्कार करावा. सबंध सर्गांत याहून भेदक चित्र नाहीं. राजा दुर्दर्श झाला कीं जवळचे लोक त्याच्याकडून कार्याचें अकार्य करवितात, असा इशारा कौटिल्यानें पहिल्याच अधिकरणांत दिला आहे. कवीनें तो एका पावलांत दाखविला.

ह्या राज्यावर परचक्र आलेंच नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राजा बेसावध असूनही त्याच्या प्रभावामुळें इतर राजे चाल करूं शकले नाहींत. झिजविलें तें रोगानें, दक्षाच्या शापानें चंद्र झिजावा तसें. १६ व्या सर्गांतली उजाड अयोध्या आठवा. तेथें राजमार्गांत कोल्ही फिरतात, वापींत रानरेडे उतरतात, चित्रांतल्या हत्तींवर सिंह झडप घालतात. आणि तरी ती नगरी स्त्रीरूपानें मध्यरात्रीं कुशाकडे येऊन आपलें गाऱ्हाणें सांगूं शकते. १९ व्या सर्गांत वाडे उभे आहेत, मृदंग वाजत आहेत, आणि गाऱ्हाणें ऐकावयास कोणी नाहीं. वर्गांत हा सर्ग शिकविण्याचा प्रघात नाहीं. शृंगार उत्तान आहे म्हणून तो वगळला जातो, व त्याबरोबर शेवटचे आठदहा श्लोकही वगळले जातात. आमच्या वादाचा निकाल त्याच श्लोकांत आहे.

त्या श्लोकांत काय घडतें? राजा दिसेनासा झाल्यामुळें प्रजा शंकित होते. सचिव सांगतात, राजा पुत्रप्राप्तीसाठीं कर्म करीत आहे. राजा मरतो. रोगशांतीचें निमित्त करून, अंत्यविधि जाणणाऱ्या पुरोहितासह, राजवाड्याच्या उपवनांतच गुप्तपणें दहन होतें. मग प्रकृतिमुख्यांना जमवून गर्भवती राणीस अभिषेक करितात. आतां अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणाचा सहावा अध्याय उघडावा. राजाचें मरण जवळ आलें असतां अमात्यानें काय करावें तें तेथें सांगितलें आहे. दर्शन महिन्या-दोन महिन्यांवर न्यावें. राजा देशाची पीडा घालविणारें, शत्रूचा नाश करणारें, आयुष्य वाढविणारें किंवा पुत्र देणारें कर्म साधीत आहे असें निमित्त सांगावें. पुत्रकर्माचें निमित्त दोहींकडे आहेच. शिवाय ‘कर्म’ हें नाम व ‘साध्’ हा धातु हेही दोहींकडे तेच आहेत. अमात्यानें संधि साधून राज्य आपणच घ्यावें, हें भारद्वाजाचें मत कौटिल्य तेथें अधर्म्य म्हणून फेटाळतो, आणि राजपुत्र, राजकन्या किंवा गर्भवती राणी यांस पुढें करून महामात्रांस एकत्र करावें असें सांगतो. कालिदासाचा सर्ग नेमका ह्या टप्प्यावर येऊन थांबतो.

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें १९०५ सालीं हातीं आली आणि शामशास्त्र्यांनीं ती १९०९ सालीं छापिली. मल्लिनाथ ठिकठिकाणीं कौटिल्याचीं वचनें देतो खरा, पण पंडित व नंदरगीकर यांच्यापुढें तो ग्रंथ समग्र नव्हता. पुढें प्रा. कंगले यांच्या मुंबई विद्यापीठाच्या आवृत्तीनें (१९६०–६५) त्याचा पाठही निश्चित झाला. आतां तरी हें प्रकरण बाजूस ठेवून रघुवंशाच्या शेवटाविषयीं लिहिणें क्षम्य नाहीं.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें ग्राह्य आहे. ह्या साम्यावरून एवढेंच ठरतें कीं प्रसंग योजून रचिला. त्यापुढें सर्ग नव्हतेच असें त्यानें सिद्ध होत नाहीं. शेवटचा श्लोक मंदाक्रांतेंत आहे हेंही प्रमाण नव्हे, कारण सर्गान्तीं वृत्त बदलतेंच. पुराणांत अग्निवर्णानंतर शीघ्र, मरु इत्यादि राजे आहेत, आणि भारती युद्धांत अभिमन्यूच्या हातून पडलेल्या बृहद्बलापर्यंत वंश चालतो; तेव्हां सामग्री संपली नव्हती. परंतु काव्याचा आरंभ पाहावा. निपुत्रिक दिलीप गाईमागें रानोमाळ फिरतो, प्राण द्यावयास सिद्ध होतो, तेव्हां रघु जन्मास येतो. शेवटीं गर्भ आहे, पण बापाचें मरण प्रजेपासून चोरलेलें आहे. आईच्या उष्ण अश्रूंनीं तापलेला तो गर्भ अभिषेकाच्या गार पाण्यानें निवतो. ज्या अपेक्षेनें काव्य उघडलें तिथेंच प्रजा पुन्हा उभी आहे. पुढें शीघ्राचा जन्म सांगितला असता तर ही अपेक्षा फुकट गेली असती.

त्या वृद्ध सचिवांविषयीं आमचें मत पूर्णपणें अनुकूल नाहीं. त्यांनीं राज्य गिळिलें नाहीं, पण पाय दाखवून प्रजेचें समाधान करण्याची रीत ज्यांच्या डोळ्यांदेखत पडली तेही तेच.

ज्या संग्राहकांकडे रघुवंशाच्या जुन्या पोथ्या असतील त्यांस विनंति कीं, १९ व्या सर्गाच्या पुष्पिकेंत केवळ सर्गसमाप्ति आहे कीं काव्यसमाप्ति, शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी आहे कीं नाहीं, व पानांचे अंक तेथें अखंड आहेत कीं खुडलेले, एवढें पाहून मंडळास कळवावें. विसावा सर्ग कोणास सांपडलाच, तर त्याचा कागद व हस्ताक्षर मागील १९ सर्गांशीं आधीं ताडून पाहावें.