‘दामाशेटी’तला शेटी

आज फक्त एका शब्दाविषयी बोलतो: ‘शेटी’.

नामदेवरायांचे वडील दामाशेटी. आता कुणी सहज ‘दामाशेठ’ म्हणतं, आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘घरचे श्रीमंत, मोठे व्यापारी.’ ही श्रीमंती आली कुठून? बहुतेक वेळा त्या एका अक्षरावरून! माझी तक्रार या वाचनाबद्दल आहे.

शब्द जुना आहे. संस्कृत ‘श्रेष्ठी’, प्राकृत ‘सेठी’. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल सेठीचा शिलालेख आहे. तिथं सेठी म्हणजे खरोखरच धनवान. अख्खं शैलगृह त्यानं पूर्ण करवलं. पुढं पेठेत ‘शेटे’ आणि ‘महाजन’ हे वतनदार झाले. तिथं तो हुद्दा झाला. सोनारांच्या नावापुढं ‘शेट’ लागलं, तो मान झाला. आणि मग आडनावही झालं. नाना शंकरशेटांचं आडनाव काय? मुरकुटे! वडिलांचं नाव शंकरशेट, तेच लोकांनी आडनावासारखं धरलं. तेव्हा बघा, धन, हुद्दा, मान, आडनाव, एकाच शब्दाचे चार अर्थ. यातला कुठला घ्यायचा, हे शब्द सांगत नाही, मजकूर सांगतो.

मग मजकूर काय सांगतो? गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. एका पदात ते हसत-खेळत देवळात जातात, आणि जातीवरून त्यांना उठवून बाहेर काढतात. ते मागं जाऊन बसतात, देऊळ त्यांच्याकडं फिरतं. ती कथा आपण कुठं सांगतो? इथून जवळच, औंढ्या नागनाथाला. त्याच पदांत ते स्वतःला ‘छीपा’ म्हणवतात. उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा, आपल्याकडं शिंपी. धंदा थोडा बदलला, पण उंबऱ्याबाहेरची जागा तीच राहिली.

आता सांगा, दामाशेटींना आधीच ‘शेठजी’ करून ठेवलं, तर हे पद कळेल का? वाचक म्हणेल, एवढ्या मोठ्या घरचा मुलगा, त्याला कोण उठवणार? म्हणजे आपण आदरानं शब्द फुगवला आणि पदातलं दुःख पुसलं.

कुणी विचारेल, मान होता तर अपमान कसा? अहो, बाजारात ‘या शेट’ म्हणणारा माणूस गाभाऱ्याच्या दारात तसंच म्हणेल, असं थोडंच आहे? हाक वेगळी, दार वेगळं. दोन्ही एकाच गावात नांदत होती.

म्हणून विनंती एवढीच, की ‘दामाशेटी’ असं आलं तर ‘दामाशेटी’च वाचा. ‘शेठ’ करू नका. त्या ‘टी’त एका कारागीर घराला मिळालेला मान आहे, तिजोरी नाही. आणि तेवढा मान असूनही पोराला देवळामागं बसावं लागलं, हे विसरू नका.

राम कृष्ण हरी.