विहीर, चर आणि 'लोकसहभाग'

शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आले. तेव्हापासून आपले समीक्षक त्यातली वेदना तेवढी वाचत आले. वेदना आहेच. पण आज सातारा-सांगलीत पाणलोट, बदलते हवामान, वन्यजीव असे शब्द ऐकताना मला ते पुस्तक पाण्याचा दस्तऐवज म्हणून वाचावेसे वाटते. त्यात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. ज्या महाराने त्या पाण्याला शिवायचे नाही, त्यालाच तराळकीचे काम म्हणून विहिरीत उतरावे लागते. पाण्यावर हक्क नाही, पाण्यातले श्रम मात्र त्याच्या माथी! गावगाड्याची जलनीती इतक्या नेमकेपणाने एकाही सरकारी अहवालात मी वाचलेली नाही.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच माणदेशातली. दुष्काळ पडतो, वाडी उठते. लेखकाच्या करुणेबद्दल मला शंका नाही. पण तिथला दुष्काळ आभाळातून येतो. खरातांच्या आटपाडीत तो पाऊस झालेल्या सालीही महारवाड्यात मुक्कामाला असतो.

हा फरक विसरून पाणलोटाचे कार्यक्रम आखले गेले. २०१४ अखेरीस जलयुक्त शिवार आले, २०१६ पासून पाणी फाउंडेशनची स्पर्धा. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. काम खरे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डोंगराच्या उतारावर समतल चर खोदले की पाणी मुरते आणि खालच्या विहिरीत उतरते. विहीर कोणाची? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. म्हणजे चर भूमिहीनाने खोदावा आणि डाळिंबाची बाग बागायतदाराची पिकावी. याला 'श्रमदान' म्हणतात. बाबासाहेब ज्या वतनी राबणुकीविरुद्ध लढले, तिच्या वारसांनी 'दान' हा शब्द जपूनच ऐकावा. वर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. ती आधी लागते दोन शेळ्या असलेल्या बाईला. आणि हे चर पुष्कळदा गायरानावरच असतात. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह अशाच पडीक जमिनींसाठी होते.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला पाऊस उदंड. ते अण्णा भाऊंचे वारणा खोरे. 'फकिरा'त (१९५९) तिथले डोंगर बंडखोरांना आसरा देतात. त्याच खोऱ्याच्या माथ्यावर १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावे उठली. वाघ जगावा, याबद्दल माझा वाद नाही. कोयना-वारणेचे पाणी त्याच रानातून येते. २०१९ चा सांगलीचा महापूर आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर-मिरगाववर कोसळलेले डोंगर पाहिल्यावर तर रान राखणे हा जिवाचा प्रश्न झाला आहे. पण पुनर्वसनाची मोजणी सातबाऱ्यापासून सुरू होते. ज्याचा सातबाराच नाही, रानातला हिरडा हीच ज्याची शेती, त्याने काय गमावले ते कोणत्या मापाने मोजणार?

दुसरी वाट नव्हती असे नाही. खानापूर तालुक्यात येरळेकाठी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या कष्टकऱ्यांनी बळीराजा स्मृती धरण उभे केले, नदीची थोडी वाळू विकून पैसा जमवला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, प्रत्येक कुटुंबाला सारखे आणि भूमिहीनालाही, असे ठरवले. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमिनीच्या खाजगी मालकीलाच हात घातला होता. येरळेकाठच्या माणसांनी निदान पाणी तरी त्या मालकीपासून सोडवले. आपल्या वाङ्मयीन चर्चांत या धरणाचे नाव मी अजून ऐकलेले नाही.