दहा नखांचे रसग्रहण

टीकाकार व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, फुकटचा पास. आणि दोन, दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामातली खोट बसल्या जागेवरून दिसण्याची दृष्टी. दुसरी गोष्ट माझ्याकडे उपजतच आहे. (हिचं म्हणणं, तेवढीच आहे.) पहिली मला गोदीच्या कचेरीत कारकुनी करता करता मिळाली. कामगार रंगभूमीच्या नाटकांवर मी पंचवीसेक वर्षं लिहिलं. कुठे, ते विचारू नका. ज्या अंकांत लिहिलं त्यातले बहुतेक पहिल्याच वर्षी वारले, आणि त्याचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. पण परळच्या दामोदर नाट्यगृहात कडेच्या खुर्चीवर बसून मी भल्याभल्या नटांची पिसं काढली आहेत. २०२३ साली ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि मी घरी बसलो.

घरी बसलेला समीक्षक फार वाईट. तो आमटीवर लिहू लागतो. 'आशय दाट असला तरी अभिव्यक्ती अळणी आहे,' असं मी एकदा जेवताना म्हणालो. त्या रात्री मी वडापाव खाल्ला.

अशा बेकारीच्या दिवसांत आमच्या धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, पोरगी हल्ली जेलमध्ये आहे." माझ्या हातातला चहा सांडला. मग खुलासा झाला की हे जेल नखांवर लावतात, आणि पुतणीने घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि दोन खुर्च्या मांडून नखं करून द्यायचा धंदा सुरू केला आहे. पाटीवर 'नेल स्टुडिओ' असं लिहिलं आहे.

भाऊ कॉटन ग्रीन स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहतो. या नावातलं 'ग्रीन' म्हणजे हिरवा रंग नव्हे, मैदान. कापसाच्या गासड्यांचं हे मैदान आधी कोटात होतं, १८४४ साली ते कुलाब्याला गेलं आणि विसाव्या शतकात इकडे शिवडीच्या अंगाला आलं. आता कापूस गेला, नाव राहिलं. भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि तो रीतसर मिटला असं अजून कोणी त्याला कळवलेलं नाही. पुढे त्याने वॉचमनकी केली. पोरीची कचेरीतली नोकरी २०२० च्या टाळेबंदीत गेली. तेव्हा हे टेबल, हा दिवा आणि या दोन खुर्च्या म्हणजे त्या घराचं सगळं भांडवल आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं. मीही ते ध्यानात ठेवूनच गेलो होतो. पण समीक्षकाला भीड नसते.

"काका, तुम्ही आयुष्यभर नाटकांवर लिहिलंत. एकदा माझ्या कामावर लिहा की," पुतणी म्हणाली.

"लिहीन. पण वाईट असेल तर वाईट म्हणेन."

"म्हणा ना. फक्त दोन अटी. मध्यंतराआधी उठून जायचं नाही. आणि पहिल्या दिवशी लिहायचं नाही, तीन आठवडे थांबायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच नखं चांगली दिसतात. माझ्या कामात टिकण्याला महत्त्व आहे."

माझ्या एकाही परीक्षणाला कोणी ही अट घातली नव्हती. घातली असती तर माझी निम्मी परीक्षणं तीन आठवडे टिकली नसती.

प्रयोगासाठी हात हवे होते. ते हिचे ठरले. "इश्श, या वयात?" असं म्हणत ही नवं पातळ नेसून आली. हिच्या उजव्या तर्जनीवर एकदा वरवंटा पडला होता. तेव्हापासून त्या नखाला मधोमध चीर आहे. नख वाढतं, चीरही वाढते. डॉक्टर म्हणाले होते की ही जन्माची सोबत. म्हणजे माझ्याखालोखाल. पातळाचा धागा त्या चिरेत अडकला नाही असा दिवस मला आठवत नाही.

आमच्या लहानपणी नखचित्र म्हणजे अंगठ्याच्या नखाने कोऱ्या कागदावर उठवलेलं चित्र. तेव्हा नखाने चित्र काढत, आता नखावर काढतात, एवढाच काय तो फरक असेल अशा समजुतीने मी खुर्ची ओढून बसलो.

पहिला अंक नीरस आहे. पाऊण तास झाला तरी पुतणीने रंगाची बाटली उघडलीच नाही. मला वाटलं, आधी बोटं कोमट पाण्यात बुडवतील. तर नाही. "नख पाणी पितं, काका. पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं. वरचं जेल त्याच्याबरोबर आकसत नाही, मग ते सुटतं." तेव्हा सगळं कोरडं काम. मुळाशी असलेली कातडी हलकेच मागे सारायची. नखावर चढलेला मेलेला पापुद्रा, जो डोळ्यांना दिसतही नाही, तो खरवडून काढायचा. मग नखाची चमक उतरवायची आणि उरलासुरला तेलकटपणा पुसायचा.

"अजून काहीच दिसत नाहीये," मी म्हणालो.

"नेपथ्याचे सुतार ठोकाठोक करत असतात तेव्हा तुम्ही परीक्षण लिहिता का?"

मी वहीत 'संवाद चुरचुरीत' असं टिपून घेतलं.

दुसऱ्या अंकात नाट्य आहे. या प्रकाराला म्हणतात स्ट्रक्चर्ड जेल मॅनिक्युअर, आणि यातला 'स्ट्रक्चर्ड' हा शब्द नुसता शोभेचा नाही. बेसचा पातळ थर देऊन तो दिव्याखाली घट्ट केला. त्यावर बिल्डर जेलचा आणखी एक पातळ थर ओला ठेवला आणि मधोमध मधासारखा एक दाट थेंब सोडला. मग कुंचला नखाला न टेकवता त्या थेंबावर तरंगत तरंगत फिरू लागला. फिरवून झाल्यावर पुतणीने हिचा हात उलटा केला. जेल आपल्या वजनाने मधे गोळा झालं आणि नखावर एक टेकाड तयार झालं.

सगळी मेख त्या टेकाडात आहे. नख बोटाचा आधार सोडून पुढे जातं त्या ठिकाणी सगळा ताण येतो. म्हणून तिथे भर हवी, आणि मुळाशी नि कडांशी जेल पातळ हवं. मधे उंच, दोन्ही बाजूंना उतार. (मुंबईतले रस्तेही पुस्तकात असेच असतात.) सगळीकडे सारखंच जाड लावलं तर ते बेढब दिसतं आणि कडेने उचकटतं, सगळीकडे पातळ लावलं तर मोडतं. बरोबर झालं की नाही हे बघायची युक्ती फार नामी आहे. ओल्या जेलमध्ये छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ उमटते. ती मुळापासून टोकापर्यंत सरळ आली तर काम सरळ. मधेच वाकली तर तिथे खड्डा किंवा फुगवटा. शेवटी नखाच्या पुढच्या धारेवरूनही कुंचला फिरवून टोक बंद करायचं. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीत संवाद, विरोध आणि समतोल सांगितला. तो समतोल मी कवितेत अनेकदा शोधला आहे. नजरेला पडला तो इथे, हिच्या तर्जनीवर, चिरेच्या बरोबर वर.

मग दिवा. त्याच्या किरणांनी जेल साठ सेकंदांत घट्ट होतं. अंगठा आडवा बसतो, म्हणून त्याला वेगळी पाळी. घट्ट होताना जेलमधून उष्णता निघते. ही एकदम ओरडली, "अगं, चटका!" आणि पुतणीने ताबडतोब हात बाहेर काढून फुंकर घातली. जन्मभर तव्यावरची पोळी बोटांनी उलटणारी ही बाई. चटका तिला काय नवा होता? पण चटका लागला असं म्हणायची आणि त्यावर कोणी फुंकर घालायची सोय बहुधा पहिल्यांदाच झाली असावी. इथे समीक्षकाने वहीत काही लिहिलं नाही.

तिसऱ्या अंकात रंग. डाळिंबी. त्यावर तकाकीचा थर. संपलं.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय परीक्षणाला वजन येत नाही. साधं नेलपॉलिश ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बनतं, ते मुळात कापसापासून करतात. म्हणजे कॉटन ग्रीनच्या पोरीने नेलपॉलिश लावावं यात एक घराणेशाही होती. जेल आलं आणि ती मोडली. हे दातांच्या डॉक्टरांकडच्या मालाचं भावंड. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं काम करताना नख मोडलं आणि त्याने ते दवाखान्यातल्या ॲक्रिलिकने बुजवलं, तिथून कृत्रिम नखांचा हा वंश वाढला. कापूस मात्र पुरता हटलेला नाही. भिजवून निघणारं जेल उतरवायचं असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नखावर बांधूनच बसावं लागतं. ओरबाडून काढलं तर नखाचे पापुद्रे त्याच्याबरोबर जातात.

आता दोष. पहिला दोष अनामिकेवरचं सोनेरी फूल आणि त्यातला मोती. हा निव्वळ अलंकाराचा सोस. मोती चौथ्या दिवशी भाकरीच्या पिठात गेला आणि माझ्या दाताखाली आला. समीक्षकाच्या तोंडात कलाकृती अशी थेट येण्याचा हा पहिलाच प्रसंग. दुसरा दोष गंभीर. सोळाव्या दिवशी डाव्या करंगळीचं जेल मुळाशी सुटलं. मी वहीत ठळक नोंद केली आणि विजयी मुद्रेने हिला घेऊन पुतणीकडे गेलो. तिने भिंग लावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "जेल कातडीला टेकलंय. केसाएवढी फट ठेवायला हवी होती. चूक माझी."

पंचवीस वर्षांत एकाही नटाने मला हे वाक्य ऐकवलं नव्हतं. सगळे प्रेक्षकांना तरी दोष देत, नाहीतर मला.

"पण काका, सुटलं याचं मला एवढं नाही," ती म्हणाली. "कातडीला टेकलं याचं आहे. यात हेमा असतं."

"ही हेमा कोण?"

हेमा हे एका रसायनाचं आद्याक्षरी नाव. अर्धवट घट्ट झालेलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जन्मभर सोडत नाही. त्याच्या जातीची रसायनं दातात भरायच्या मसाल्यातही असतात, म्हणजे पुढे दंतवैद्याकडेही पंचाईत. गिऱ्हाईक तीन आठवड्यांतून एकदा येतं. जेल हाताळणारी रोज हाताळते. पुतणीबरोबर शिकणाऱ्या एका मुलीची बोटं अशीच फुटली आणि तिला धंदा सोडावा लागला. म्हणून हिच्याकडे हातमोजे आहेत, आणि जेलला मानवेल असाच दिवा आहे. युरोपात टीपीओ नावाच्या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली, तेव्हापासून ही प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचते. ती अक्षरं वाचायला मला भिंगही पुरलं नाही.

टिकणं म्हणजे काय, याचा विचार मी त्या रात्री केला. टिकण्याचा विक्रम आपल्या पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांचा. १९५२ पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापली नाहीत, ती २०१८ साली न्यूयॉर्कला कापली. पाच नखांची लांबी मिळून ९०९.६ सेंटिमीटर. पण त्या नखांच्या ओझ्याने हात कायमचा अधू झाला. नखं टिकली, त्याची किंमत हाताने मोजली. पुतणीने हिची नखं बोटाच्या टोकाबरोबरच ठेवली होती. मला तो कल्पनाशक्तीचा अभाव वाटला होता. विचारलं तर म्हणाली, "काकू कणीक मळते ना." माझ्या मते या कृतीतलं सर्वांत श्रेष्ठ सौंदर्यस्थळ हेच. फूल, मोती, डाळिंबी रंग सगळे त्याच्या मागून.

तीन आठवडे झाले. करंगळीची डागडुजी सोडली तर नऊ नखं अभंग. तर्जनीच्या चिरेत एकदाही धागा अडकला नाही. हिने हे मला सांगितलं नाही, मीच पाहिलं. पदर नीट करताना हिचा हात सवयीने जपून थबकायचा, तो थबकायचा थांबला.

पण नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. त्याबरोबर टेकाड पुढे सरकतं, मुळाशी मोकळी जागा पडते आणि समतोल बिघडतो. म्हणून या सुमाराला भरणी करायची. नेमकी आदल्या दिवशी मी सवयीने कॉफीचा घट्ट डबा हिच्यापुढे सरकवला. हिने तो परत माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही उघडा. नखं म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर नव्हेत, असं पोरीने बजावलंय."

मी उघडला. झाकण निघालं, माझ्या अंगठ्याचं नख मोडलं.

दुसऱ्या दिवशी ही भरणीला एकटीच गेली. घासायची भांडी आणि रबरी हातमोजे माझ्यासाठी ठेवून गेली. तेव्हा हे परीक्षण इथेच आटोपतो. पुतणीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे काका, पण सुरुवातीला फार वेळ घेतलात." मी म्हटलं, "पोरी, ती तयारी होती."