देह, छाया आणि नृत्य

नर्तकाचा देह वगळला तर नृत्य शिल्लक राहतें काय, हा प्रश्न एके काळीं केवळ वादासाठीं वाद म्हणून विचारला जाई. १९९९ सालीं अमेरिकेंत निर्माण झालेल्या दोन कृतींनीं तो प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आणून उभा केला. म्हणून त्यांचा विचार रसिकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली कृति बिल टी. जोन्स यांची 'घोस्टकॅचिंग', दुसरी मर्स कनिंगहॅम यांची 'बायपेड'. दोहोंतहि पॉल कैझर व शेली एश्कार हे कलावंत सहकारी होते, आणि दोहोंची क्रियाहि एकच. नर्तकाच्या सांध्यासांध्यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या लहान खुणा बसवावयाच्या, भोंवतालच्या कॅमेऱ्यांनीं त्या खुणांची गति तेवढी टिपावयाची, आणि संगणकानें त्या बिंदूंवरून रेखाकृति उभारावयाची. कॅमेऱ्यास देह दिसत नाहीं. दिसते ती देहाची हालचाल.

आपल्या नाट्यशास्त्रानें अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं आंगिक अभिनय हें यंत्र चोख टिपतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु सात्त्विकाचें काय? स्वेद, रोमांच, वैवर्ण्य हे भाव त्वचेवर उमटतात, आणि या यंत्राच्या दृष्टीस त्वचाच नाहीं. 'घोस्टकॅचिंग' म्हणजे भूत धरणें. तेथें हा लोप विशेष जाणवतो. जोन्स हे कृष्णवर्णी कलावंत. अमेरिकन समाजानें ज्या वर्णावरून माणसाची किंमत ठरविली, तो वर्णच येथें पुसला गेला आहे. ही मुक्ति म्हणावी कीं चोरी? जोन्स यांचा स्वतःचा कंठस्वर ऐकूं येतो तेव्हां मात्र आम्हांस वाटतें, कीं देह हद्दपार झाला तरी त्यानें मागें आपला साक्षीदार ठेविला आहे.

कोणी म्हणेल, कनिंगहॅम यांस भावाभिनय अभिप्रेतच नव्हता. मग त्यांस सात्त्विकाचा निकष कां लावावा? आक्षेप रास्त आहे. १९९१ च्या 'ट्रॅकर्स'पासून ते संगणकाच्या साह्यानें नृत्यरचना करीत होते, आणि 'बायपेड' रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांनीं नुकतीं ८० वर्षें पुरीं केलीं होतीं. संधिवातानें जखडलेल्या त्या वृद्ध कलावंतास जें पाऊल स्वतः टाकून दाखवितां येईना, तें पडद्यावरील पुतळी टाकून दाखवी. यंत्राची ही सेवा लहान नव्हे.

तथापि 'बायपेड'चें यश निराळ्या जागीं आहे. रंगमंचापुढील पारदर्शक पडद्यावर विराट रेखाकृती तरंगतात, आणि त्यांच्या मागें हाडामांसाचे नर्तक नाचत असतात. दृष्टि प्रथम रेखाकृतींकडे धांवते, पण लवकरच त्या लहानशा माणसांकडे परतते. याचें कारण उघड आहे. रेखाकृति पडूं शकत नाहीं. तिला भार नाहीं, म्हणून तोल नाहीं. तोल नाहीं, म्हणून तो सांवरल्याचा आनंदहि नाहीं. नृत्याचा प्राण या सांवरण्यांत आहे, असें आमचें मत आहे. आणि छायेला देहाशेजारीं उभें करून कनिंगहॅम यांनीं तेंच सिद्ध केलें.

एक कबुली दिलीच पाहिजे. या दोन्ही कृती आम्हीं चित्रफितीवरच पाहिल्या. देहाची कैफियत मांडणाऱ्या टीकाकारासहि छायाच लाभली. कनिंगहॅम २००९ मध्यें वारले, आणि २०११ च्या अखेरीस त्यांची नर्तकमंडळीहि विसर्जित झाली. छाया उरली आहे, आणि ती उरली याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु ती पाहून जी तहान लागते, ती देहाचीच.